भुताची शीव

महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी, वेण्णा तलाव आणि मधुचंद्राची जोडपी आठवतात. हिंदी भयपटाचा पाळणाही याच सातारा जिल्ह्यातल्या थंड हवेत हलला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कराचीहून आलेल्या, पूर्वी रेडिओचे दुकान चालवणाऱ्या एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट १९७० साली आपटला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला थिएटरात माणसे शहारत होती. ते शहारणे रामसेंच्या मुलांनी हेरले. मग हे सात भाऊ बायकामुलांसह आणि मोजक्या नटांसह महाबळेश्वरला मुक्कामाला आले आणि साधारण ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात त्यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ उरकला. तो १९७२ साली लागला. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, एक संकलनाला, दोघे दिग्दर्शनाला, स्वयंपाक घरच्याच बायकांचा. एकत्र कुटुंबाची शेती असावी तसा तो कारभार होता. या हकिगतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या कुटुंबाने भुताचा विचार कधी ‘आहे की नाही’ असा केलाच नाही. धुके कुठून सोडायचे, दिवा कुठे ठेवला म्हणजे नाकाची सावली कपाळावर चढेल, दार किती वेळ करकरले म्हणजे पुरे, एवढेच प्रश्न त्यांच्यापुढे होते. भीती हा त्यांच्या लेखी बनवण्याचा माल होता.

भयपटाचा शौक असलेल्या माणसाचेही नेमके असेच असते, पण त्याच्याबद्दलचा समज अगदी उलटा आहे. सातारा-सांगलीकडे शौकांना तोटा नाही. कोणी ऐन पावसाळ्यात कासच्या पठारावर फुले बघायला जातो, कोणी दर रविवारी एक किल्ला चढतो, कोणी जत्रेतल्या कुस्त्यांसाठी गावोगाव हिंडतो, कोणाचा जीव बैलगाडा शर्यतीत अडकलेला असतो. या सगळ्यांना आपण रसिक म्हणतो. भयपट बघणाऱ्याकडे मात्र दोनच नजरांनी पाहिले जाते: एक तर हा पोरकट असणार, नाहीतर याचा भुताखेतांवर विश्वास असणार. कुस्ती बघणारा माणूस भांडकुदळ ठरत नाही. उलट, कोणता डाव पडला, पट कसा काढला, पकड कुठे सुटली हे त्याला दिसते म्हणूनच तो तिथे तासन्‌तास बसतो. भयपटाच्या शौकिनालाही डाव दिसत असतो. शांतता जरा जास्तच लांबली की आता काहीतरी येणार, हे तो ओळखतो; कॅमेरा आरशासमोरून हलला की आरसा पुन्हा दिसेल तेव्हा त्यात कोण असेल याचा अंदाज बांधतो; आणि अंदाज बरोबर येऊनही दचकतो, तेव्हा मनात दिग्दर्शकाची पाठ थोपटतो. भयपट भीती वाढवत नाही. तो भीतीला शीव घालतो, आणि शिवेच्या आत आलेल्या भीतीकडे माणूस निरखून बघू शकतो. भुताची धास्ती आणि भयपटाचा शौक एकाच जातीचे नाहीत. बऱ्याचदा ते एकमेकांच्या विरुद्ध असतात, असे माझे म्हणणे आहे. त्यावर आक्षेप बरेच आहेत, आणि त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला आक्षेप तसा हलका. भयपट हे परदेशी खूळ आहे, आपली परंपरा सात्त्विक, असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी एकदा सांगलीचा इतिहास चाळावा. कानडी मुलखातल्या कर्कीची भागवत मंडळी १८४२ साली सांगलीत खेळ करून गेली आणि संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवले. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याच्याच आठवणीखातर. पण त्या परंपरेच्या नाटकांत लोकांना काय आवडे, हे भाषणांतून कोणी सांगत नाही. सूत्रधाराची पदे आणि विदूषकाचे चाळे होतेच. मात्र खरा दणका राक्षसाच्या प्रवेशाचा. रंगवलेले तोंड, हातात तलवार, आणि घशातून निघणारी ती ‘अललडुर्र’ आरोळी. पुढच्या पिढीतल्या शहाण्या लोकांनी या साऱ्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणूनच हिणवले. एखाद्या कलेला तिच्या किंकाळीवरून नाव पडावे, यावरून ती किंकाळी किती कानांत बसली असेल हे ओळखावे. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पाळण्यातच भय होते. त्याआधीचे हवे असेल तर भरताने आठ रसांत भयानक बसवला आहे, त्याला रंग दिला आहे काळा, देवता दिली आहे काळाची. उसनवारी झालीच नाही असे मात्र नाही. नारायण धारप हे रसायनाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. शंभरावर पुस्तके त्यांनी लिहिली, आणि लव्हक्राफ्ट, स्टीफन किंग यांच्याकडून मोकळ्या हाताने उचलले. पण उचललेले रोप इथल्या मातीत धरले ते इथे आधीच ओल होती म्हणून. धारपांनी आपल्या पिशाच्चांशी झुंजणाऱ्या नायकाला नाव दिले ‘समर्थ’. सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाला हे नाव कसे ऐकू येत असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

समर्थांचे नाव निघालेच आहे तर थोडे आडवळण घेतो. रामदासांनी स्थापलेले म्हणून जे अकरा मारुती सांगतात, त्यांतले सात सातारा जिल्ह्यात आहेत: चाफळला दोन, शिवाय मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आणि कृष्णेच्या पात्रातले बहे. उरलेले दोन कोल्हापूरकडे. बलोपासनेसाठी हे मारुती बसवले असे पुस्तके सांगतात आणि ते खरेच असेल; पण गावच्या पोरासोरांच्या लेखी मारुतीचे काम एकच, भुताला अडवणे. अंधारातून जाताना भीमरूपी पुटपुटायची आणि मारुतीचे देऊळ दिसले की पाय सैल सोडायचे. जुन्या गावाच्या नकाशात भुताची जागा अशी पक्की ठरलेली असे. मुंजा पिंपळावर, वेताळ गावाबाहेर, चकवा माळावर, उतारा तिकटीवर. एवढेच नव्हे, प्रत्येकाची कुळकथा ठरलेली. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. सवाशीण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. ही भुतांची यादी म्हणजे अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची खानेसुमारीच आहे. बाळंतिणी किती मरत असतील, पोरे किती दगावत असतील, याचा हिशेब सरकारदफ्तरी नव्हता तेव्हा लोकांनी तो पिंपळावर आणि विहिरीवर लिहून ठेवला. आणि त्या हिशेबाला शीव होती. भूत गावात येत नसे. आलेच तर त्याचा नैवेद्य ठरलेला, वेळ ठरलेली, परतीची वाटही ठरलेली. भयपटाचे तिकीट, काळोखे थिएटर, मध्यंतर आणि शेवटी लागणारे दिवे हीदेखील तसलीच शीव. ‘मुंज्या’ हा आदित्य सरपोतदारांचा हिंदी चित्रपट २०२४ साली शंभर कोटींपलीकडे गेला, तेव्हा कोकणातल्या एका पिंपळाचा पत्ता सगळ्या देशाला मिळाला, इतकेच.

आता मोठा आक्षेप. हा साताऱ्याचा मुलूख आहे. नरेंद्र दाभोलकर १९४५ साली इथेच जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेला डॉक्टर झाले, कबड्डी खेळले, १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करून आयुष्यभर भूत, भानामती आणि बुवा यांच्याशी लढले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या भूमीत एका माणसाने त्यासाठी जीव दिला, तिथे बसून रामसेंच्या भुतांचे कौतुक करणे शोभते का? घराघरांत अजून देवऋषी येतो, लिंबू-मिरची टांगली जाते. अशा ठिकाणी भयपट म्हणजे आगीत तेल नव्हे काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो करणाऱ्यांनी किंमत मोजलेली आहे. पण त्याचे उत्तरही त्यांच्याच कामात सापडते. समितीच्या कार्यकर्त्यांचे चमत्कार सादरीकरण हा महाराष्ट्रातल्या शाळांनी आणि चावड्यांनी पाहिलेला प्रयोग आहे. जिभेवर कापूर पेटतो, पाणी शिंपडताच नारळ भडकतो, लिंबू कापले की लाल रस गळतो. समोर बसलेल्यांच्या अंगावर आधी काटा येतो. मग कार्यकर्ता सांगतो की नारळाच्या शेंडीत सोडियम होते आणि सुरीला आधीच रंगद्रव्य चोळलेले होते. क्रम लक्षात घ्यावा: आधी काटा, मग उलगडा. काटा आलाच नाही तर उलगडा कोरडा व्याख्यानपाठ ठरतो. शौकीन प्रेक्षक भयपटाशी नेमके हेच करतो. तो घाबरून घेतो आणि मग ते घाबरणे कसे जमवले हे उकलत बसतो. रामसेंच्याच ‘पुराना मंदिर’मधला सामरी नावाचा सैतान वठवणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीत शिकलेले स्थापत्य अभियंते होते, हे समजल्यावर सामरीची भीती जाते, गंमत वाढते. अशा प्रेक्षकाला भगताच्या अंगात आलेले बघवत नाही. कारण तिथेही त्याला डाव दिसतो, पण तो डाव आहे असे कोणी कबूल करत नाही.

फरक तिथेच आहे, आणि तो कायद्यानेही ओळखला आहे. दाभोलकरांच्या हत्येनंतर चारच दिवसांत जो वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये ज्याचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम वाचावे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. भूत उठवीन अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणेही त्यात गुन्हा आहे. कायदा भुतापाशी थांबत नाही, भुताच्या नावाने कोण काय करतो ते पाहतो. कसोटी मला सोपी वाटते: दाराची कडी कोणाच्या हाती? थिएटरात बसलेली बाई ‘पुरे झाले’ म्हणून उठून जाऊ शकते. भगतापुढे बसवलेल्या बाईला उठता येत नाही. पहिल्या ठिकाणी भीती करमणूक आहे, दुसऱ्या ठिकाणी छळ.

एवढे बोलून मी सुटलो असे मात्र नाही, कारण आक्षेपाचा उरलेला भाग मला मान्यच करावा लागतो. प्रेक्षक शहाणा असला तरी चित्रपट शहाणा असेलच असे नाही. रामसेंच्या बहुतेक चित्रपटांत शेवटी त्रिशूळ, ॐ किंवा क्रूस यांच्यापुढे सैतान नमतो आणि कोणी बाबा-तांत्रिक खरा ठरतो. शिवाय घाबरायचे काम बाईचे. किंचाळायचे तिने, झपाटले जायचे तिने, पाय उलटे तिचेच. भरतानेही भय हे स्त्रियांचे आणि हलक्या प्रकृतीच्या माणसांचे लक्षण म्हणून टाकले आहे. दोन हजार वर्षांत यात फार सुधारणा झाली नाही. अळवंतिणीची गोष्ट बाळंतपणात मेलेल्या बाईची आठवण ठेवते खरी, पण तिलाच घातकी ठरवून ठेवते. जिला जगवले नाही तिच्यापासूनच आता संरक्षण हवे, असा हा उफराटा न्याय आहे. भयपटाच्या शौकिनाने याची लाज बाळगली पाहिजे. पण या दोषावरचा उताराही भयपटानेच शोधला आहे, आणि तो शोधला आपल्या ओळखीच्या जागी, उसाच्या फडात.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये लागला. गरोदर बायको आणि तिचा नवरा आडगावी, उसाने वेढलेल्या एकाकी घरात येतात. चित्रपटात किल्ला नाही, हवेली नाही, धुकेही फारसे नाही. आहे तो डोक्याच्या वर गेलेला ऊस, ज्यात चार पावले आत शिरले की चारही दिशा सारख्या होतात. कराड, वाळवा, मिरज भागातल्या माणसाला हे भय शिकवावे लागत नाही. त्या उसात लपलेले पाप काय, तर मारून टाकलेल्या मुली. पूजा सावंतची नायिका घाबरते, पण बाबाची वाट बघत बसत नाही. चित्रपट पाहून कोणी म्हणेल की लेखकाने फारच काळे रंगवले, आता असे कुठे घडते? त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला, बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेल्यानंतर पोलिसांनी ओढ्याकाठी खणले आणि पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण निघाले. पडद्यावरच्या गोष्टीला चार महिने आधी वस्तुस्थितीने मागे टाकले होते. इथे अळवंतिणीचा न्याय उलटतो. आता भूत घातकी नाही, ते ज्या घरातून निघाले ते घर घातकी आहे. पुढे फुरियांनीच हा चित्रपट ‘छोरी’ नावाने हिंदीत केला, तोही उसातच. पण पहिल्याचा ओलावा मला त्यात सापडला नाही.

चांगला भयपट भुतावरून नजर काढून माणसाकडे वळवतो, याचे दुसरे उदाहरण ‘तुंबाड’. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेले, बीज धारपांच्या कथेतून, वाडा सासवडचा, पाऊस सह्याद्रीचा. राही अनिल बर्वेंनी तो पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे घालवले. २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात झळकूनही इथे त्याला बेताचीच गर्दी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. सहा वर्षांत तोंडोतोंडी पसरलेले हे काम शौकिनांचे. हस्तर हा दैत्य भुकेला आहे, पण खरी न शमणारी भूक नायकाची, विनायकरावाची, आणि ती तो मुलालाही शिकवतो. विनोदी भयपटांविषयी फार लिहीत नाही. ‘झपाटलेला’तल्या बाहुल्याला घाबरलेली पोरे आज त्याच्या आवाजाची नक्कल करतात, यातच त्याचा निकाल आला.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत अवघड आहे: खऱ्या आयुष्यात भीती काय कमी आहे, की ती विकत घ्यावी? २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसे मेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. ज्यांनी माळ्यावर बसून रात्री काढल्या त्यांना भयपटाची काय नवलाई? माझे उत्तर असे, की त्या भयात बघायला सवडच नसते. पुराला मध्यंतर नाही, चेंगराचेंगरीत मागे वळून ‘हे कसे झाले’ म्हणायला जागा नाही. तिथे माणूस फक्त भितो. भीती म्हणजे नेमके काय, ती आधी पोटात येते की पायात, आपण ओरडतो की गोठतो, हे कळायला जिथे जीव जात नाही अशी जागा लागते. पोहायला कोणी पुरात शिकत नाही. आणि पुरात सापडलेल्याला मी भयपटाची शिफारसही करणार नाही. ज्याला हे नको त्याला ते नकोच, शौकाची सक्ती करायची नसते.

शेतीपंपांची वीज या भागात कितीदा रात्रीच येते. मग उसाला पाणी पाजायला माणूस बॅटरी घेऊन एकटा फडात जातो, दारे धरतो, वाफा भरेतोवर बांधावर उभा राहतो. कराड-शिराळ्याकडे आता बिबट्याची मादी उसातच पिले घालते, त्यामुळे पानांची सळसळ झाली की तो थांबतो, कान देतो. तिथे त्याला हडळ आठवत नसावी. सापाचा आणि बिबट्याचा हिशेब आधी. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने असा उभा राहतो. मग एके दिवशी तोडणी टोळी येते, कोयते चालतात, आणि ज्या फडात काल वाट हरवत होती तो संध्याकाळपर्यंत पलीकडच्या बांधापर्यंत दिसू लागतो. मधोमध एखादी विहीर, एक बाभूळ, पाचटाचा ढीग. खोडव्याला पाणी दिले की पंधरवड्यात पुन्हा हिरवे कोंब वर येतात.